बारा चेहऱ्यांचा फोटो

छपाईच्या खोलीचं दार तिनं कोपरानं ढकललं आणि हातातला ताज्या अंकांचा गठ्ठा थेट त्याच्या छातीवर आदळला.

"बरं झालं, तूच भेटलीस! संपादकबाई, हे काय छापलंय?"

शाळेच्या वादविवाद संघाचा कॅप्टन! पहिल्या पानावर त्याच्याच संघाचा फोटो होता. बारा चेहरे, सगळे एकाच तुकडीतले, घरी एकच भाषा बोलणारे. खाली तिचा मथळा – 'बाकीची शाळा कुठे आहे?'

"खोटं काय आहे त्यात?"

"छापण्याआधी आम्हाला विचारलंस?"

तिनं गठ्ठा खाली ठेवला. खरंच... विचारलं नव्हतं.

"चुकलं माझं. तू उत्तर लिही, पुढच्या अंकात छापते."

"पुराव्यानिशी लिहीन हं!"

"बघूया की!" ती म्हणाली. तो हसला, आणि तिला उगाचच कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं.

पण मुख्याध्यापिकांनी अंकच अडवला. "शुक्रवारी सभागृहात दोघंही बाजू मांडा. मग ठरवते."

शुक्रवारी सभागृह खच्चून भरलं. आधी ती बोलली. मग तो उठला. आता हा आपला भुगा करणार...

"पुरावा शोधायला मी दुसऱ्या तुकड्यांत गेलो," तो म्हणाला. "निवडीला का येत नाही, असं विचारलं. ती मुलं म्हणाली, 'निवड असते? कधी?' सूचना फक्त आमच्याच मजल्यावर लागत होती. आम्ही कुणाला अडवलं नाही, पण बोलावलंही नाही. अंक वाटा. आणि निवड पुन्हा घ्या – कॅप्टनचीसुद्धा."

मग टाळ्यांचा नुसता कडकडाट! मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. "वाटा," त्या म्हणाल्या.

नव्या निवडीला साठ मुलं आली. कॅप्टनपद दुसऱ्या तुकडीतल्या एका अबोल मुलीनं पटकावलं. ती बातमी लिहून संपादकबाई बाहेर आल्या, तर व्हरांड्यात तो उभा.

"वाईट वाटलं?" तिनं हळूच विचारलं.

"थोडं. पण ती माझ्यापेक्षा भारी बोलते गं! मी वेगळ्याच कामासाठी आलोय. मला... म्हणजे तू... तुला..."

भरल्या सभागृहात धडाधड बोलणारा मुलगा पार अडखळला. कान लालबुंद.

"आवडतेस," तो एकदाचा म्हणाला. "तू. मला."

"मला पण तू!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की शेजारच्या वर्गातल्या बाई खडू हातात घेऊनच दारात आल्या.