लक्ष्मीची गल्ली

तुकोजींचं फोटोचं दुकान छत्रीबागेत पंचेचाळीस वर्षं चाललं. अर्ध्या इंदूरच्या लग्नांचे फोटो त्यांनी काढले, पण स्वतःच्या पोरीचा एक फोटो घरात नाही. लक्ष्मी सातव्या वर्षी तापात गेली. भिंतीवरचा तिचा फोटो बघून आईला घास जाईना, म्हणून या शहाण्याने फोटो, निगेटिव्ह, सगळं तिच्या राखेबरोबर नदीत सोडलं.

आता बायको मीराबाई खाटेला खिळलेली. एकच धोशा, "तिला शोधा हो."

पुतण्या अश्विन कॉम्प्युटरवाला. दुकानातले दोन लाख फोटो त्याने मशीनमध्ये भरले होते. भर दुपारी तुकोजी मीराबाईचा लहानपणीचा फोटो घेऊन त्याच्याकडे गेले. पोर आईवरच गेली होती, आणि बापाबरोबर लग्नांना जायची; कुणाच्या तरी मांडवात सापडेल.

"किती दिवस लागतील?"

"दिवस? काका, मिनिटही नाही. आधी मशीन एकेक फोटो ताडून बघायचं. आता न्यूरल नेटवर्क आहे. त्याने सारखे चेहरे एकेका गल्लीत बसवलेत. आपण चेहरा दाखवला की सीधा त्याच गल्लीत घुसतं."

"बकवास पुरे. दाब बटण."

दाबलं. एकतीस फोटो आले.

पहिल्यात लक्ष्मी. पिवळा फ्रॉक, डाव्या भुवईवर पडल्याची खूण. मांडवाच्या खांबाला टेकलेली. तुकोजींचं नाक वाहायला लागलं, त्यांनी पुसलं नाही.

पुढचं लग्न पोलोग्राउंडचं. लक्ष्मी गेल्यावर सहा वर्षांनी झालेलं. खांबाशी तेराएक वर्षांची मुलगी. भुवईवर तीच खूण.

"दुसरी कोणी असेल..."

अश्विनने पुढचा फोटो उघडला. तिसऱ्यात साडी. पुढे चष्मा. नवरानवरी हसताहेत, पाहुणे जेवताहेत, आणि ती एकटी कॅमेऱ्याकडे बघते आहे. कॅमेऱ्यामागे दर वेळी तुकोजीच होते. खोलीत ओल्या राखेचा वास यायला लागला...

"बंद कर... बंद कर रे."

पहिला तेवढा छापून घेतला. बाकीच्या फोटोंचं नाव घरी काढायचं नाही, असं ठरवून ते परतले.

"बघ. सापडली."

मीराबाईने फोटो हातात घेतला नाही.

"मला कशाला दाखवता? शोधा म्हटलं ते तुमच्यासाठी. माझ्याजवळ रोज येते ती. केस पिकायला लागलेत तिचे. म्हणते, बाबा साऱ्या गावाला बघतात... मलाच नाही."

मीराबाई कण्हत भिंतीकडे सरकली. खाट करकरली. तिने मोकळ्या जागेवर हात फिरवला आणि त्यांच्या खांद्यामागे बघून म्हणाली, "ये गं. बघितलं यांनी."

खाट पुन्हा करकरली.