मॉप कमी आहे, सर

लिफ्टचं दार उघडलं आणि सुवर्णाला जिन्याकडे पळावंसं वाटलं. आत हॉस्पिटलचा तरुण सर्जन, डॉक्टर हर्षल... एकटाच!

"या ना, चावत नाही मी," तो हसला. "आठ दिवस फोन उचलत नाही तुम्ही. तुमची कॉलर ट्यून पाठ झालीय मला."

"ऑपरेशन थिएटरला ड्यूटी होती, सर..."

"लग्नाचं विचारलं, तरी सरच?"

तिने नजर लिफ्टच्या आकड्यांवर रोवली. गाल मात्र ऐकेनात. "आजचं ट्रेनिंग झालं की सांगते," ती पुटपुटली. मनात होकार केव्हाच ठरला होता... ओठांवर यायचा तेवढा राहिला होता.

वरच्या हॉलमध्ये टेबलावर रबरी पुतळा निजवला होता. पुण्याहून आलेल्या मॅडम इथल्या सर्जन लोकांना शिकवणार होत्या — कापायचं कसं ते नव्हे, तर सोबतच्यांशी बोलायचं कसं, त्यांचं ऐकायचं कसं. त्यांनी हर्षलच्या कानात काहीतरी सांगितलं आणि खोटं ऑपरेशन सुरू झालं.

रक्त टिपायचे मॉप सुवर्णाने मोजले. पुन्हा मोजले. तेवढ्यात हर्षलने टाके घालायला सुई मागितली!

"सर, थांबा. एक मॉप कमी आहे."

"सुई द्या."

"पोटात राहिला असेल, सर—"

"तुम्ही मला शिकवणार? गप्प उभ्या राहा, सिस्टर!"

सुवर्णाच्या अंगावर सर्रकन काटा आला. लिफ्टमधला तो आवाज... आणि हा? एकाच घशातून? उद्या आमटीत मीठ जास्त पडलं, मूल झोपेना झालं... तर हाच आवाज?

भीती वाटत होती, तरी तिने सुई ट्रेमध्येच ठेवली. "आधी मॉप, सर."

मॅडमनी टाळी वाजवली. "शाब्बास, सिस्टर! डॉक्टर, घाई करायला मी सांगितलं होतं. ओरडायला नाही."

हर्षलचा चेहरा पांढराफटक पडला.

व्हरांड्यात तो तिच्यामागे धावत आला. "सुवर्णा... ते नाटक नव्हतं. माझं मलाच... मी असा कधी ओरडत नाही हो!"

"रोज ओरडता."

"रोज?"

"मला मागणी घातलीत, त्या सकाळीसुद्धा. वॉर्डबॉय सहादूवर. मला वाटलं... माझ्यावर नाही ओरडणार."

तो हातातली टोपी पिळत राहिला. मग हळूच म्हणाला, "सहादूशी आजच बोलतो. आणि... तुमचा नकार समजू?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. सबबी सांगत नव्हता. ऐकत होता.

"रविवारी आमच्या घरी, मखमलाबादला या. आमच्या बापूंसमोर, म्हणजे वडिलांसमोर, मागणी घाला. बापू मळ्यातून असे ओरडतात, की पलीकडच्या शेतातले बैल जागीच थांबतात."

"बाप रे! मग मी काय करायचं?"

"पाय लटपटू द्यायचे," सुवर्णा म्हणाली, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा तिला हसू फुटलं, "आणि म्हणायचं ते म्हणूनच यायचं. मी असेन ना शेजारी."