छत चांगलं होतं

क्वार्टरांच्या ओळीत शेजारी शेजारी दोन भिंती उभ्या होत्या. एकाच गवंड्याने बांधलेल्या, तेवढेच पावसाळे खाल्लेल्या आणि सारख्याच काळवंडलेल्या. ठोक्याने आपला लोखंडी हात लांब करून पहिलीवर टकटक केलं आणि म्हणाला, "हिच्या बाजूने आत जाता येईल." मग दुसरीवर टकटक करून म्हणाला, "हिच्यापासून लांब राहा."

निरंजनाने दोन्ही भिंती खालपासून वरपर्यंत न्याहाळल्या. कुठे साधी चीरसुद्धा नव्हती.

"दोघी सख्ख्या बहिणी तर दिसतात," ती म्हणाली.

"दिसतात," ठोक्या म्हणाला. "पण ऐकायला वेगळ्या आहेत."

ठोक्या हे काही त्याचं कागदोपत्री नाव नव्हे. सरकारने त्याला लांबलचक नंबर दिला होता. पण दिवसभर जमीन नि भिंती ठोकत फिरणाऱ्या यंत्रमानवाला निरंजना दुसरं काय म्हणणार! वर्धा नदीच्या मधोमध असलेलं हे ओसाड बेट कुठे पोकळ आहे आणि कुठे भरीव, हे शोधायचं काम त्याच्याकडे होतं. पुढच्या महिन्यात क्वार्टरं पाडायची होती. म्हणूनच निरंजनाच्या आबाजींनी हट्टाने परवानगी काढली होती. "माहं घर एकडाव पायतो, मंग काय पाडाचं ते पाडा," एवढंच ते म्हणाले होते.

त्यांना होडीतून घेऊन आलेल्या राजेश्वरीबाई मागून चालत होत्या. निघताना परवान्यावरचं आडनाव वाचून त्यांनी विचारलं होतं, "मेश्राम म्हंजे ड्रेसर मेश्रामचे काय?" आबाजींनी होकारार्थी मान हलवली होती. त्यानंतर पलीकडच्या काठापासून इथपर्यंत दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. निरंजनाला ते फार विचित्र वाटत होतं.

एके काळी इथे नुसत्या बोरीबाभळी होत्या. मग नदीखाली कोळसा सापडला. चानक (खाणीत उतरायची उभी विहीर) खोदली गेली, क्वार्टरं उठली, शाळा आली, रविवारचा बाजार भरू लागला. तेलंगणातून, छत्तीसगडातून, गडचिरोलीच्या जंगलातून माणसं आली आणि इथलीच झाली. भोंगा वाजला की अर्धं बेट जमिनीखाली उतरायचं नि अर्धं वर यायचं. एका दुपारी खाणीचं छत कोसळलं आणि नदी आत घुसली. ज्यांना पळता आलं ते वर आले. जे राहिले ते पाण्याखालीच राहिले. चानकेचं तोंड सिमेंटने बंद केलं गेलं आणि बघता बघता बेट रिकामं झालं.

"भिंत ठोकून कसं कळतं?" निरंजनाने विचारलं.

उत्तर आबाजींनी दिलं. "बाजारात माठ वाजवून घेतो ना आपन? तसंच."

"अगदी तसंच," ठोक्या म्हणाला. "आवाज म्हणजे कंपन (वस्तूची बारीक थरथर). माठ अखंड असला तर सगळा मिळून थरथरतो आणि टण्ण वाजतो. त्याला चीर असली तर थरथर चिरेपाशी अडते, तिथेच विरते आणि आवाज भद्द येतो. दुसऱ्या भिंतीचा वरचा थर आतून सुटला आहे. डोळ्यांना तो दिसत नाही, कानांना कळतो."

"माहे बाबा हेच काम करत," आबाजी हळूच म्हणाले. "ड्रेसर होते. खाली सगळ्यायच्या आंधी जाचं, सब्बलीनं (लोखंडी पहारीनं) छत ठोकाचं. छत टण्ण बोललं का मंग बाकीच्यायनं कोळसा काढाचा. इतकी सवय होती का घरात दार ठोकत, खाटेचा पाय ठोकत. कॉलनीत त्यायनं वाजवल्याशिवाय कोनी माठ घेत नोतं."

बोलत बोलत ते आबाजींच्या जुन्या घरात शिरले. मागच्या खोलीत भिंतीला टेकून माठ मांडून ठेवले होते, सगळे पालथे, धुळीने माखलेले. छपराचा पत्रा पडून काही फुटले होते. आबाजी दारातच थबकले.

"एवढे माठ कशाला?" निरंजनाने विचारलं.

"पानी घुसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पायरीवर आनून ठेवले लोकायनं. बाबायनं निवडलेले माठ. नुसते ठेवले नि गेले. बाबा खालीच होते अजून. मायनं एक एक उचलून आत आनला. मी नऊ वर्साचा होतो."

निरंजनाने आबाजींचा हात धरला.

दारातून राजेश्वरीबाई म्हणाल्या, "माहा आजाबी खालीच राह्यला, काका. आजी मरेपर्यंत म्हनत होती, ड्रेसरनं त्या दिवशी छत ठोकलंच नसन. म्हनूनच तिनं आमचा माठबी इथं वापस आनून ठेवला."

आबाजींनी मान खाली घातली. साठ वर्षं तेही हेच स्वतःला विचारत आले होते, हे निरंजनाला त्या क्षणी समजलं. घर बघायचं हे नुसतं निमित्त होतं.

"ठोक्या," ती म्हणाली, "तुला खालचं ऐकू येतं ना? मग ऐक!"

ठोक्या त्यांना बंद चानकेपाशी घेऊन गेला. पोटाखालचं जाडजूड वजन त्याने उचललं आणि जमिनीवर आदळलं. दणका निरंजनाच्या तळपायांतून गुडघ्यांपर्यंत गेला. जागा बदलत त्याने पुन्हा पुन्हा तसंच केलं. हळूहळू त्याच्या छातीवरच्या पडद्यावर आडव्या रेघा उमटल्या.

"सब्बलीच्या टकटकीची थरथर जलद असते," तो म्हणाला. "ती दगडात हातभर जाते आणि विरते. दणक्याची थरथर संथ असते, म्हणून खोल जाते. वाटेत दगड बदलला की तिथून प्रतिध्वनी (आदळून परत येणारा आवाज) येतो. ही खालची रेघ म्हणजे कोळसा. छत पडलं त्या जागेच्या भोवती तिच्यावर अखंड खडक, दोन माणसांच्या उंचीचा. आणि त्याच्यावर वाळू. नदीचं फार जुनं पात्र इथे पुरलं गेलं आहे, पाण्याने भरलेलं."

"मग छत ठोकल्यावर काय ऐकू आलं असतं?" निरंजनाने घाईने विचारलं.

"टण्ण. खडक अखंड होता. वरचं पाणी सब्बलीला ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्या ओझ्याखाली खडक एकदम मोडला असावा. त्या दिवशी त्यांनी छत ठोकलं की नाही, हे मात्र मला सांगता येणार नाही."

"ठोकलं होतं," आबाजी म्हणाले. "जो मानूस पानी प्याच्या आंधी गिलास ठोके, तो छत ठोकल्याबिगर राह्यन?" आणि ते लहान मुलासारखे रडू लागले.

निरंजनाही रडली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "आता कुठल्या खाणीत असं होणार नाही ना?"

"माणसं उतरण्याआधी आता आम्ही दणके देतो," ठोक्या म्हणाला. "तरी आम्हालाही सगळं ऐकू येत नाही. आणखी खोल ऐकणारं कुणीतरी बनवायला हवं."

"मी बनवीन," निरंजना म्हणाली.

आबाजी वाकले. चानकेच्या सिमेंटवर त्यांनी काठीने टकटक केलं आणि म्हणाले, "बाबा, छत चांगलं होतं. तुमी बरोबर आयकलं."

परत निघाले तेव्हा राजेश्वरीबाई होडीपाशी दिसेनात. त्या आबाजींच्या घरात होत्या, माठांसमोर उकिडव्या बसलेल्या. पदराने त्यांनी एका माठावरची धूळ पुसली होती.

"काका, यातला आमचा कोनता?"

"मायलेच ठाऊक होतं ते," आबाजी म्हणाले. "कोनताबी घे, पोरी. सगळे त्यायनंच वाजवलेले हायेत."

राजेश्वरीबाईंनी एक माठ उचलला, बोटाने वाजवला आणि कान लावून ऐकला. मग तो पोटाशी धरून त्या होडीकडे निघाल्या.