आयतं ताट

नील आमच्याकडे चुकून आला. त्याला जायचं होतं शेजारच्या गाळ्यात, पण खोपटच्या आमच्या इमारतीत नंबरांच्या पाट्या कुणी धड लावलेल्याच नाहीत. तो आत आला तेव्हा मी शाळेच्या गणवेशांच्या ढिगात बसून कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला शिव्या घालत होते. सगळ्या शाळांची मापं त्याच्यात, आणि ऐन मे महिन्यात त्याने मान टाकलेली.

"हे सगळं क्लाउडवर का नाही ठेवत?" तो म्हणाला.

"म्हणजे नेमकं कुठे हो?"

"आमच्या कंपनीच्या मशीनवर. तुम्ही इंटरनेटवरून वापरायचं. तीन प्रकार आहेत. इन्फ्रास्ट्रक्चर घेतलं तर नुसती खोली भाड्याने, संसार तुमचा. प्लॅटफॉर्म घेतलं तर गॅस, ओटा, भांडी तयार, स्वयंपाक तुम्ही करायचा. आणि तिसरं सॉफ्टवेअर... ते म्हणजे आयतं ताट!"

"मला आयतं ताट."

"मीठ-मसाला तुमच्या मनासारखा नसेल हं."

"चालेल. पण वाढायला कोण?"

"मी आहे की..."

मी उगाचच एका शर्टाची कॉलर नीट करायला लागले.

आमचं काम तिकडे हलवायला तो महिनाभर येत राहिला. हे फोनवरूनही झालं असतं, एवढं मलाही कळत होतं. म्हणूनच तर त्याचं येणं आवडायचं. 'अहो मॅडम'चं कधी 'अगं कल्पिता' झालं, कळलं नाही. सोनचाफा आवडतो, असं मी सहज बोलून गेले, तर पुढच्या खेपेला टेंभी नाक्यावरून दोन फुलं घेऊन हजर. चहात आलं नको, हेही त्याच्या लक्षात राहिलं. एकदा केसांत अडकलेला दोरा त्याने काढला — हळूच, न विचारता. त्या दुपारी माझ्या हातून एकही काम सरळ झालं नाही.

त्याच रविवारी कल्याणहून स्थळ येणार होतं. मुलगा बाबांच्या मनात भरलेला.

"नको म्हणून कळवा बाबा," मी म्हटलं. "माझं... ठरलंय."

बाबांनी कात्री खाली ठेवली. "तो क्लाउडवाला? मग घरी आण की त्याला."

आणीन, म्हटलं. आता आला की आधी त्याला विचारणार होते.

सोमवारी दार वाजलं. बाहेर एक हसरी मुलगी.

"मी क्षिप्रा. नील सर प्रमोशनवर पुण्याला गेले ना, आता तुमचं काम मी बघणार." तिने पर्समधून दोन सोनचाफे काढून माझ्यासमोर ठेवले. "तुम्हाला आवडतो ना? आणि चहा बिनआल्याचा. सरांनी सगळं सांगून ठेवलंय."

ती गेल्यावर मी त्याला फोन लावला.

"अगं, सांगायचंच राहिलं बघ! क्षिप्रा मस्त आहे, काही त्रास होणार नाही तुला."

"नील... आणि तो सोनचाफा?"

"अगं, क्लायंटच्या आवडीनिवडी सांभाळाव्याच लागतात आम्हाला." मग जरा थांबून, "तू... मनावर घेतलंस की काय?"

"छे रे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. रडू यायला हवं होतं. आला तो राग, आणि तोसुद्धा माझाच मला.

आतून बाबा हात झटकत आले. टेबलावरची फुलं बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आला होता वाटतं तो?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "त्याची कंपनी आली होती."