सहा वाजताचं तळं

धुकं इतकं दाट होतं की तळं कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं, तेच कळत नव्हतं. धापा टाकत ती वळणाशी आली आणि थबकली. निळी टोपी घातलेला एक तरुण पळता पळता थांबला होता आणि वाटेकडेच्या लाकडी खांबाला मान लववून अगदी अदबीनं म्हणत होता, "गुड मॉर्निंग, काका!"

खांब काही बोलला नाही.

"काका जरा कमी ऐकतात," ती म्हणाली.

तो दचकून वळला. डोळे बारीक करून त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग खांबाकडे. मग पुढे होऊन खांबाला हात लावून पाहिला, आणि त्याचे कान लालबुंद झाले.

"तीन आठवडे..." तो हळूच म्हणाला. "रोज नमस्कार करतोय मी यांना. तरीच म्हटलं, माणूस एवढा कसा गर्विष्ठ!"

ती हसत सुटली. आधीच दम लागलेला, त्यात हसू. पोटात कळ येऊन ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली. लव्हाळ्यातून दोन बदकं घाबरून पाण्यात उतरली.

"चष्मा का लावत नाही?"

"मला नंबर नाही."

"नंबर आहे. तुम्हाला फक्त माहीत नाही." तिनं कपाळावरचा घाम पुसला. "बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात काम करते मी. भिंगं घासते. या एकदा."

"आलो आणि दुसऱ्याच कुणाला काकू म्हटलं तर?"

"म्हणून तर या म्हणते," असं म्हणून ती पळाली. वळणापलीकडे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की या खेपेला चढावर ती थांबलीच नव्हती.

पळण्याची हौस वगैरे तिला मुळीच नव्हती. दोन महिन्यांपूर्वी तिच्या बाबांना हृदयविकाराचा झटका आला. रक्तवाहिनीत जाळी बसवून डॉक्टरांनी घरी सोडलं आणि बजावलं, रोज अर्धा तास सावकाश चालायचं. लगे हात घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, तर सत्ताविसाव्या वर्षी हिचंही कोलेस्टेरॉल वर! आईनं त्याच दिवशी तेलाची बाटली कपाटात टाकून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

बाबा मात्र ढिम्म. छत्तीस वर्षं टपाल कचेरीत त्यांनी उभ्यानं पत्रं वेगळी केली होती. "आयुष्यभर उभा राहिलो, आता जरा बसू द्या की," असं त्यांचं म्हणणं. शेवटी तह झाला. बाबांनी तळ्याकाठच्या बाकापर्यंत चालायचं, आणि तिची फेरी होईपर्यंत तिथे बसायचं.

चौथ्या दिवशी तो दुकानात आला. केस नीट विंचरलेले, हात घासूनपुसून धुतलेले, तरी नखांच्या कडेला तेलाची काळी रेघ राहिलीच होती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा.

मालकांनी डोळे तपासले. नंबर निघाला, आणि चांगला सणसणीत निघाला. मग डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायला त्याला तिच्यासमोर बसवलं. तिनं त्याच्या नाकावर छोटी पट्टी टेकवली आणि स्वतःचा एक डोळा मिटला.

"माझ्या उघड्या डोळ्याकडे बघा. हलू नका."

तो बघत राहिला. दुकानातल्या घड्याळाची टिकटिक एकाएकी मोठी झाली.

"बासष्ट," ती म्हणाली.

"पुन्हा एकदा मोजा ना. मी हललो बहुतेक."

"तुम्ही नाही हललात..." ती पुटपुटली, आणि पट्टी खाली ठेवली. हात तिचा हलला होता.

चष्मा तयार झाल्यावर तो दारात उभा राहून समोरच्या झाडाकडे पाहतच राहिला. "पानं सुटी सुटी आहेत!" लहान मुलासारखा तो म्हणाला. मग वळून त्यानं तिच्याकडे पाहिलं. चांगला वेळ पाहिलं.

"काय?"

"काही नाही," तो म्हणाला. "उगाच तीन आठवडे खांबाशी बोलण्यात घालवले."

मग सकाळी सहाचं तळं दोघांचं झालं. गवतावर कोळ्यांची जाळी दवानं भरलेली असायची, एकटा बगळा एका पायावर उभा असायचा, आणि ही दोघं एकमेकांना चिडवत पळत असायची. तिचा वेग पाहून तो म्हणायचा, "गोगलगाय मागे वळून बघतेय तुमच्याकडे." ती म्हणायची, "लिफ्टवाल्यांना काय, बटण दाबलं की पोचले!" फेरी संपली की तो बाबांशेजारी बाकावर टेकायचा. बाबांना तो फार आवडला होता. जुन्या टपालातल्या गमती सांगायला त्यांना नवे कान मिळाले होते.

अशीच एक सकाळ.  तिनं दोनदा चिडवलं तरी तो हसला नाही. वळणाशी पोचल्यावर तो थांबला.

"एक सांगायचंय. मी शब्द दिलाय की सांगणार नाही. पण सांगतोय."

 तिच्या वेड्या मनाला वाटलं, याचं कुठे लग्नबिग्न ठरलंय की काय...

"तीन दिवस झाले, बाकापर्यंत येताना काकांच्या छातीत आवळल्यासारखं होतंय. काल तर हात भरून आला होता. 'पोरीला सांगशील तर तुझी माझी ओळख संपली,' म्हणाले. रात्रभर विचार केला." त्यानं चष्मा काढून पुसला. "माझ्या आईनंही असंच 'काही नाही रे' म्हणत सहा महिने काढले. मला कळलं तेव्हा..." 

ती बाकाकडे धावली ती फेरी अर्धी टाकूनच. अशी ती कधीच धावली नव्हती. तो मागोमाग होता.

"बाबा, उठा. दवाखान्यात जायचंय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे. त्यांना सगळं समजलं. "छत्तीस वर्षं लोकांची गुपितं हातातून गेली," ते रागानं म्हणाले. "एक पाकीट कधी फोडलं नाही मी. आणि हा! घरी जा तू. पुन्हा या बाकावर दिसू नकोस."

तो रस्त्याकडे धावला. रिक्षा मात्र त्यानंच थांबवली.

दुसरी रक्तवाहिनी जवळजवळ बंद होत आली होती. दुपारी तिथेही जाळी बसवली. "आठवडा काढला असता तर काही सांगता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले. आई दवाखान्यातल्या बाकावर बसून रडली, आणि डोळे पुसून लगेच तिनं विचारलं, "यांना जेवायला काय द्यायचं?"

पंधरा दिवस गेले. बाबा घरी आले, अंगणात चालू लागले, मग तळ्यापर्यंत. तो आला नाही. तिनं दोनदा फोन केला. "काकांनी सांगितलंय ना... त्यांना त्रास नको," एवढंच तो म्हणाला. तिला रडू आलं आणि रागही आला. दुकानात तिनं एक भिंग उलटंच घासलं.

मग एके दिवशी बाकावर टेकत बाबा म्हणाले, "काल मी फोन केला त्या लिफ्टवाल्याला."

बुटाची नाडी बांधता बांधता ती थांबली.

"मी काही बोलायच्या आत पहिलं विचारलंन, 'छातीत दुखत नाही ना, काका?'" बाबांनी घसा खाकरला. "चुकीच्या पत्त्यावरचं पत्र आम्ही पुढे योग्य घरी धाडायचोच की. पोरानं तेच केलं. बाजारामागच्या सात मजली इमारतीत काम चाललंय त्याचं, लोक उठायच्या आत. मी आहे इथे. तू पळ."

"कुठे, बाबा?"

"आता तेही मीच सांगू?"

ती पळाली. तळं मागे पडलं, पूल मागे पडला, नुकती उघडणारी दुकानं मागे पडली. इमारतीची लिफ्ट अर्थात बंद होती. सात मजले ती जिन्यानं चढली. वरच्या खोलीत तो यंत्रापाशी गुडघे टेकून बसला होता. तिला पाहताच त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"काका... बरे आहेत ना?"

"बरे आहेत. बाकावर बसलेत. बदकांना शिस्त लावताहेत."

"मग?"

"मग... मी." तिला श्वास पुरेना. "मी बरी नाहीये. पंधरा दिवस झाले. तू का येत नाहीस?"

तो उठून उभा राहिला. "काय म्हणालात?"

"'तू' म्हणाले. आणि आता 'तू'च म्हणणार. दिलेला शब्द मोडून तू माझे बाबा वाचवलेस. तुझ्याइतकं खरं बोलणारं कुणी मला हवंय, रोज सकाळी, आणि संध्याकाळीसुद्धा. आवडतोस तू मला. झालं! आता सात मजले पुन्हा चढायला लावू नकोस."

तो हसला. डोळे भरले तरी हसतच होता. "तुला हे सांगायला मी रोज तळ्याच्या फाटकापर्यंत यायचो," तो म्हणाला, "आणि परत जायचो." त्यानं हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "तेल आहे गं हाताला."

"असू दे," म्हणत तिनं तो घट्ट धरला.

तासाभरानं लिफ्ट सुरू करून दोघं तळ्यावर आली. ऊन चढलं होतं, धुक्याचा मागमूस नव्हता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"यापुढे माझी चहाडी करायची असेल," ते म्हणाले, "तर आधी मला सांगायचं, की करणार आहेस."

"हो, काका."

मग त्यांची नजर लेकीच्या तळहातावरच्या काळ्या डागाकडे गेली.  कडेला सरकून त्यांनी बाकावर दोघांपुरती जागा केली.