धुतलेली बाही

एप्रिलच्या मध्यावर डब्लिनमध्ये – म्हणजे ओहायोतल्या डब्लिनमध्ये – पाऊस पाडायचा की बर्फ, हे आभाळाचंच ठरत नव्हतं. आंबेडकर जयंतीसाठी शाळेचा हॉल घेतला होता. दीक्षा नेहमीसारखी उशिरा, लॅबमधून धावतपळत पोचली आणि थेट जेवणाच्या रांगेत उभी राहिली. प्लेटसाठी तिने हात पुढे केला... आणि वाढणाऱ्या मुलाचा डाव हवेतच थांबला.

तिची बोटं कोळशासारखी काळी होती.

"गाडी रिपेअर करून आलीस?"

"नाही हो, ग्लव्ह फाटला. कार्बनची शाई आहे, लवकर जात नाही. तुम्ही भात वाढा ना, मागे लाइन लागलीय."

त्याने वळून आपल्या मागे पाहिलं. "तुम्ही कोण? मी तर एकटाच आहे."

दीक्षाला हसू आवरेना. त्याचं नाव जय. जन्म इथलाच, एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट. हॉलभर सगळे एकमेकांना 'जय भीम' म्हणत होते आणि हा बाबा दर वेळी मान वळवत होता. ते तिने पाहिलं, आणि तिने पाहिलं हे त्यानेही पाहिलं.

वाढून झाल्यावर तो नेमका तिच्यासमोर येऊन बसला. "आता सांग, शाई कसली?"

तिने सांगितलं. कार्बनच्या नळ्या, केसाहून कितीतरी बारीक. त्यांच्या शाईत साधं सुती कापड बुडवून वाळवलं की त्यातून वीज वाहते. त्याचेच इलेक्ट्रोड करून अंगात घालता येईल असा सुपरकपॅसिटर बनवायचा.

"बॅटरीची चुलत बहीण समज. झटकन भरते, झटकन देते," दीक्षा म्हणाली. "कोपरावर चढवायची बाही केलीय. पण मशीनने वाकवणं वेगळं. मला रोज काम करणारा माणसाचा हात हवाय."

"हात हवाय?" जयने शर्टाची बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. "घे."

शेजारी बसलेल्या रमाबाई मावशींना ठसका लागला. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" त्या पुटपुटल्या. पुटपुटणं चांगलं चार टेबलांपर्यंत ऐकू गेलं. दीक्षाचे कान तापले.

लॅबची रीतसर परवानगी निघाली आणि बाही जयच्या कोपरावर चढली. दर शुक्रवारी तो ती घेऊन यायचा, दीक्षा मीटर लावून वीज किती अडते ते मोजायची. मोजायला पाच मिनिटं पुरत, पण कॉफी थंड झाली तरी दोघं उठत नसत.

"आकडा काय म्हणतो?" तो विचारायचा.

"जरा कमी यायला हवा."

"मग मी पुन्हा येतो," तो म्हणायचा, आणि त्याला त्याचं यत्किंचितही दुःख नसायचं.

आकडा मात्र हट्टाला पेटला होता. जूनमध्ये प्रोजेक्टला पैसे देणारे लोक पाहायला येणार होते. कोपर वाकवताना बाहीवरचा दिवा सलग पेटता राहिला, तर काम दोन वर्षं चालणार आणि दीक्षा इथेच राहणार. नाहीतर दूर दक्षिणेतल्या प्लेनो शहरातल्या एका कंपनीची ऑफर होती.

"प्लेनो चांगलं आहे. मस्त ऊन असतं," जय म्हणाला. मग कॉफी ढवळत बसला.

ऊन असतं म्हणे! दीक्षा मनातल्या मनात चरफडली. जाऊ नको म्हणायला याची जीभ झिजते का? आपला जीव या मुलात अडकलाय, हे तिला त्या दिवशी अगदी लख्ख कळलं.

डेमोच्या आदल्या दिवशी दुपारी तो लॅबच्या दारात आला. बाही ज्या डब्यात दिली होती तो डबा त्याच्या हातात होता. तिने उघडला. आत बेसनाचे लाडू.

"आई म्हणते, कोणाचा डबा रिकामा रिटर्न करायचा नाही."

"आणि बाही?"

"ही घे." त्याने खिशातून पिशवी काढली. बाही छान घडी केलेली. तिला लॅव्हेंडरचा वास येत होता. "खूप घाम लागला होता यार. अशी कशी देणार? क्लिनिकचे नी-सपोर्ट धुतो ना, त्यातच टाकली. हॉट वॉटर, दोन सायकल्स."

दीक्षाने बाही उलटसुलट करून पाहिली. "जय... शाई सुटेल म्हणून आम्ही तिला नुसतं हलकेच विसळतो. आणि तू वॉशिंग मशीनमध्ये..."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ओह नो. म्हणजे मीच तुला प्लेनोला पाठवतोय? मी? ज्याला तू..." त्याने वाक्य गिळलं.

गिळलेलं वाक्य तिने ऐकलं होतं. तरीही तिने आधी मीटर लावला. आकडा निम्म्याहून खाली आला होता. तिला वाटलं मीटर बिघडला. दुसरा आणला. त्याचंही तेच म्हणणं!

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नळ्या शाईत गोळा होऊ नयेत म्हणून साबणासारखं एक द्रव्य घालावं लागतं. ते कापडात उरून विजेची वाट अडवत होतं. गरम पाण्याने ते वाहून नेलं. नळ्यांनी मात्र सुताला घट्ट धरून ठेवलं होतं.

"तू धुतलीस म्हणून..." ती हसत सुटली. "आता प्रोफेसरांना काय सांगू?"

"लॅव्हेंडर सांग," जय म्हणाला, अजून घाबरलेलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षाने बाही आपल्याच हातात चढवली. कोपर वाकवलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं. दिवा जरासुद्धा लुकलुकला नाही, तेवतच राहिला. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या.

दुपारी ती तडक क्लिनिकवर गेली. जय मनोहरकाकांचा आखडलेला खांदा सोडवत होता. "हात वर, काका... होल्ड," म्हणाला आणि दारात तिला पाहून तिथेच खिळला.

"झालं?"

"झालं. मी राहतेय."

"लॅबसाठी?"

"लॅबसाठी दोन वर्षं." दीक्षाने श्वास घेतला. आता नाही तर कधीच नाही. "तुझ्यासाठी... त्याला मुदत नाही. पण तू जाऊ नकोस का नाही म्हणालास?"

"माझ्यासाठी तू जॉब सोडलास, असं नको होतं मला."

"मग आता म्हण."

"आता तर तू राहतेच आहेस."

"तरी म्हण!"

"जाऊ नकोस, दीक्षा." तो जवळ आला, तिचा हात त्याने हातात घेतला. "आय लव्ह यू. हे मराठीत नीट कसं म्हणतात ते मला... आईला विचारावं लागेल."

"खबरदार आईला विचारलंस तर!"

"मला विचारा की," मागून मनोहरकाका म्हणाले. "मला येतं, सांगतो. पण पोरांनो, आधी हा हात खाली घेऊ का?"