आडव्या पडलेल्या कुऱ्हाडी

भोवरगडाच्या माथ्यावर पहाटेची नौबत झडली, तेव्हा खालच्या देवराईतून एकही पाखरू बोलले नाही. सदरेवर उभे असलेले हवालदार हैबतराव शिर्के त्या मुकेपणाने आतून हादरले. राईत कुऱ्हाड चालवील तो राजद्रोही, अशी खुद्द हुजुरांची द्वाही फिरली होती. आणि तीच राई आज तुटणार होती.

सुभेदार विसाजीपंतांनी तिथला साग फिरंग्यांच्या गलबतांसाठी परस्पर विकला होता. रीतीप्रमाणे लाकूडतोड्यांनी काल सांजवेळी एकेका झाडाला एकेक कुऱ्हाड टेकवून ठेवली. सकाळी ती उभी दिसली तर देवाचा होकार, पडलेली दिसली तर नकार. राईचा पुजारी घाडी आडवा आला, म्हणून सुभेदारांच्या हुकुमाने हैबतरावांनीच त्याला गडावर कोंडले. हुकूम मोडण्याची त्यांची छाती झाली नाही. मात्र गड चढण्यापूर्वी, कुणाचे लक्ष नाही असे पाहून, त्यांनी थोरल्या सागाची कुऱ्हाड हळूच आडवी केली. निदान ते एक झाड वाचेल, एवढीच त्यांची आशा होती.

सुभेदारांसह ते राईत उतरले, तो लाकूडतोडे कडेलाच खिळून उभे होते. नजर पोचेल तिथवर प्रत्येक झाडाखाली कुऱ्हाड आडवी पडली होती आणि वारा म्हणाल तर पानही हलत नव्हते. हैबतरावांच्या तोंडचे पाणी पळाले.

"देव कसला! हा माणसाचा उद्योग आहे," सुभेदार लाकूडतोड्यांच्या मुकादमावर कडाडले. "रवळू, गुन्हेगार हजर कर, नाहीतर तुझे हात कलम होतील!"

"देवाशप्पथ, सरकार, आमी नाय! सांज झाल्यार हय कोण पाय पण ठेवणा नाय."

शिपायांनी रवळूचे हात ओंडक्यावर दाबून धरले. त्याला वाचवायला एक शब्द पुरे होता, आणि तोच शब्द हैबतरावांचा जीव घेणार होता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"सोडा त्याला! कुऱ्हाडी मी पाडल्या," ते थोरल्या सागाला पाठ लावून गरजले. "सुभेदारसाहेब, काल हुजुरांच्या नावाने द्वाही द्यायची सोडून हे तोंड मिटले, ही आमची कसूर. आज देतो. द्वाही हुजुरांची! घाव घालणे असेल तर आधी आम्हांवर घालावा!"

सुभेदारांची तलवार लखलखली आणि हैबतरावांचा उजवा हात खांद्यापासून लोंबला. तरीही ते जागचे हलले नाहीत. हुजुरांच्या नावाने अशी मनाई तोंडावर घातल्यावर कुऱ्हाडीला हात लावणे म्हणजे उघड राजद्रोह. एकही लाकूडतोड्या पुढे झाला नाही, शिपायांनीही माना खाली घातल्या.

पुढे हुजुरांकडून चौकशी झाली. सुभेदार बेड्यांत गेले, राई कायमची राखीव ठरली आणि हात गमावलेल्या हैबतरावांनी तिची राखण मागून घेतली. सुटून आलेला घाडी एकदा तिथेच त्यांना भेटला.

"इतक्यो कुऱ्हाडी एकट्यान पाडलास, हवालदारानू?"

"एकच पाडली, घाडीबुवा. ही थोरल्या सागाची." हैबतराव जवळ सरकले. "बाकीच्या कुणी पाडल्या?"

घाडीने झाडांकडे पाहिले. "सांज झाली. आता भायर चला."

त्या दिवसापासून सूर्य कलला, की हैबतराव राईबाहेर पडत. आणि निघताना मागे वळून, समोर कुणीही दिसत नसताना, उरलेल्या डाव्या हाताने मुजरा करीत.